गंधार कुठं गेला?

मघाशी ओळख करून देताना मला ‘मिक्सिंगचे तज्ज्ञ’, म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र जुळवणारा, म्हटलं गेलं. मिरजेत उभं राहून असलं काही ऐकून घ्यायचं म्हणजे अवघडच. इथून चार पावलांवर तंबोऱ्याची जवारी काढणारी, म्हणजे घोडी घासून तारेला झंकार आणणारी माणसं बसलीत, आणि याच गावात किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब राहिले. तेव्हा मी आपला माझ्या चुकीपासूनच सुरुवात करतो.

सांगलीत घरातल्याच एका खोलीत मी स्टुडिओ थाटला होता. एका तरुण गवयाचा ख्याल रेकॉर्ड केला. पट्टी काळी एक (म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा त्याचा सा), तंबोरा मिरजेचा. व्हिडिओ बघून बघून मला एक मंत्र पाठ झाला होता: अडीचशे ते पाचशे हर्ट्झ म्हणजे चिखल, दिसला की उपसायचा. तंबोऱ्यावर इक्यू (आवाजातला हवा तो पट्टा कमी-जास्त करायचं साधन) उघडला आणि साडेतीनशेच्या आसपास रुंद असा सहा डेसिबलचा खड्डा पाडला. स्वच्छ वाटलं. खूश होऊन मिक्स मुंबईला एका जुन्या इंजिनिअरकडं घेऊन गेलो. टेपच्या जमान्यातला माणूस. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि एवढंच विचारलं, “तंबोरा मिरजेचा म्हणतोस ना? मग गंधार कुठं गेला?”

आता हिशेब बघा. काळी एकच्या पुरुषी तंबोऱ्यात खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या सुराची, तार सुमारे ६९.३ हर्ट्झला बोलते. तिच्या सुरातच दडलेला पाचवा स्वरांश पाचपट, म्हणजे साधारण ३४६. तोच आपला स्वयंभू गंधार. कुणी न छेडता उमटणारा. मी नेमका त्याच्यावरच फावडं चालवलं होतं!

परत आल्यावर मुद्दाम एका कारागिरांकडं जाऊन बसलो. घोडीवर कानस दोनदा फिरवायची, भुकटी फुंकायची, तार चढवायची, छेडायची, पुन्हा उतरवायची. मग तारेखालचं सूत केसभर सरकवायचं, आणि एकाएकी तार उघडते. अख्खी दुपार गेली, चार तारांसाठी. आणि मी ते सगळं माऊसच्या एका ओढीत झोपवलं होतं.

बरं, मिक्स गढूळ होतंच, ते काही खोटं नव्हतं. पण दोष तंबोऱ्याचा नव्हता. मुंबईच्या त्या इंजिनिअरकाकांनी (पुढं मी त्यांना काकाच म्हणायला लागलो) पेटीचा फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, दोन डेसिबल खाली घेतला आणि पेटीतलाच अडीच-तीन हजार हर्ट्झचा भाग थोडा कापला. शब्दांची धार तिथंच असते, आणि पेटी तिथंच गळ्याला अडवत होती. गळ्याला हातही न लावता गवई दोन पावलं पुढं आला. मी तोवर गळ्याचाच आवाज वाढवत बसलो होतो.

त्यांच्याकडं पहिले काही महिने मी केबली गुंडाळल्या आणि मागच्या स्टुलावर बसलो. आकडे विचारले की ते चिडायचे. “कितीवर ठेवलं ते नको विचारू, का ठेवलं ते विचार.” एकच वाद्य वेगळं ऐकवणारं सोलोचं बटण दाबलं की हातावर चापट. एकटा सुंदर वाजणारा तबला मैफलीत गळ्यावर बसू शकतो, हे त्या चापटीतून कळलं.

ते ऐकायचे इतक्या हळू आवाजात, की खुर्ची कुरकुरली तरी ती गाण्याच्या वर ऐकू यायची. मला तो म्हातारपणाचा चोखंदळपणा वाटायचा. पण फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून ठेवलंय: आवाज कमी असला की कानाला खर्ज, म्हणजे खालचा जाड आवाज, फार कमी ऐकू येतो, वाढवला की तोच भरभरून येतो. म्हणून जोरात ऐकलं की कुठलंही मिक्स भारी वाटतं. आपले डीजेवाले जगतात ते याच्यावरच! हळू आवाजातही डग्ग्याची मींड कळली, तर ती मोबाईलवरही बऱ्यापैकी कळते.

बोलणं पुरे. दोन्ही मिक्स आणलीत, आधी माझं, मग काकांचं. आवाज मुद्दाम कमीच ठेवतोय. मागच्यांनी जरा पुढं सरका, आणि तो पंखा तेवढा बंद करा कुणीतरी.