होल्स्टर नंतर बघा, आधी पट्टा बघा: प्रॅक्टिकल शूटिंगसाठी गिअर बेल्ट

राम राम मंडळी!

आज कमरेच्या पट्ट्याबद्दल बोलायचंय. विषय किरकोळ वाटतो, आणि किरकोळ वाटतो म्हणूनच त्याच्यावर कुणी खर्च करत नाही. पिस्तुलावर लाखो रुपये घालतील, होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, बाहेरून मागवतील, आणि ते सगळं अडकवतील कशाला? ऑफिसला घालतात त्या चामड्याच्या पट्ट्याला. मग स्टेजवर, म्हणजे मॅचच्या एका टप्प्यात, बझर वाजला की एक हात पिस्तुलाकडं आणि दुसरा पँट वर ओढायला.

(निळं डमी पिस्तूल दाखवत) आधीच सांगतो, हे डमी आहे, प्लास्टिकचं. परवाना, १९५९ चा शस्त्र कायदा, काडतुसं, हा सगळा वेगळा विषय आहे. आज त्याच्यात पडायचं नाही.

आपल्या मराठवाड्यात शूटिंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं उभं राहतं ते दहा मीटरचं एअर पिस्तूल. २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य जिंकलं, तेव्हा घराघरांत या खेळाची चर्चा झाली. पण ते खेळ एका जागेवरचे. प्रॅक्टिकल शूटिंगमध्ये, म्हणजे १९७६ साली सुरू झालेल्या आयपीएससी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पद्धतीत, तुम्ही पळता, वाकता, भिंतीआडून डोकावता, पळता पळता मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची डबी, बदलता. सगळं सामान अंगावर. आणि अंगावर म्हणजे पट्ट्यावर.

सामान किती, ते बघा. सीझेड शॅडो २ सारखं पोलादी पिस्तूल रिकामंच साधारण १.३ किलोचं. १५ गोळ्या भरलेलं नाइन एमएमचं मॅगझिन पाव किलोच्या पुढं. तशी चार मॅगझिन, वर होल्स्टर, मॅगझिन ठेवायचे पाऊच, होल्स्टर पट्ट्याला धरणारा हँगर. तीन किलोच्या आसपास ओझं झालं. आणि हे ओझं गप्प बसत नाही. तुम्ही डावीकडं वळता, ते उजवीकडं राहू बघतं.

आता पट्टा हलला तर बिघडतं काय? गुणांचं गणित करू. लाँग कोर्समध्ये, म्हणजे सगळ्यात मोठ्या स्टेजमध्ये, जास्तीत जास्त ३२ गोळ्या. सगळे अल्फा, म्हणजे पाच-पाच गुणांचे नेम, लागले तर १६० गुण. वीस सेकंदांत संपवलं तर १६० भागिले २०, म्हणजे सेकंदाला ८ गुण. याला म्हणतात हिट फॅक्टर. प्रॉडक्शन या पिस्तुलांच्या गटात मॅगझिनला १५ गोळ्या, म्हणजे किमान दोन रीलोड, मॅगझिन बदलणं, आलेच. प्रत्येक रीलोडला अर्धा सेकंद चाचपडण्यात गेला की झाले २१ सेकंद. हिट फॅक्टर ७.६२. एकही गोळी न चुकवता गेलेत हे.

आणि चाचपडणं नेमकं कसं होतं, ते जवळून दाखवतो. (डावा हात पाऊचवर) मॅगझिन धरताना तळहात बुडाला टेकतो आणि तर्जनी मॅगझिनच्या पुढच्या कडेवर सरळ पसरते. हे न बघता व्हायला पाहिजे, कारण डोळे पुढच्या टार्गेटवर आहेत. आता पट्टा दोन बोटं मागं सरकवतो. बघा. तळहात बुडाच्या कडेवर आपटला, तर्जनी पुढच्या मोकळ्या जागेत गेली. म्हणजे मॅगझिन येणार वाकडं, आणि पिस्तुलात जाताना अडणार. सराव कितीही असू द्या, हात तिथंच जातो जिथं त्याला शिकवलंय. जागा बदलली तर सराव उलटा अंगावर येतो.

म्हणून या खेळात दोन पट्टे असतात. आतला पातळ, मऊ, पँटच्या लूपमधून ओवलेला. बाहेरचा कडक, त्याच्यावर सगळं सामान. दोघांच्या मध्ये वेल्क्रो. रुंदी साधारण दीड इंच, म्हणजे ३८ मिलिमीटर.

आता खरी गोम इथं आहे. वेल्क्रो किती पक्कं? लहान पोराचा सँडल आणलाय. (पट्टी लावून) ही पट्टी लांबीच्या दिशेनं ओढतो. निघत नाही, कितीही ओढा. आता हाच कोपरा नखानं उचलतो. चर्र! निघाला. वेल्क्रो घसरणीला लई चिवट, सोलण्याला एकदम कच्चं.

हेच तुमच्या कमरेवर घडतं. पिस्तूल सरळ वर उपसलंत तर वेल्क्रोवर घसरणीचा जोर येतो, ते धरून ठेवतं. पण होल्स्टर अंगापासून जरा बाहेर लटकलेलं असतं. वाकलात, वळलात, की ते पट्ट्याचा वरचा काठ अंगापासून सोलायला लागतं. बाहेरचा पट्टा कडक असेल तर तो जोर सगळ्या लांबीवर वाटला जातो. मऊ असेल तर सगळा जोर होल्स्टरखालच्या दोन-तीन इंचांवर येतो, आणि तेवढंच वेल्क्रो चर्र करतं. लोक म्हणतात वेल्क्रो खराब निघालं. वेल्क्रो चांगलं असतं हो, पट्टा लुळा असतो.

तेव्हा पट्टा हातात आला की तो पिळून बघा. दोन्ही हातांत वीतभर अंतरावर धरा आणि ओला कपडा पिळतो तसा पिळा. सहज पिळला गेला तर परत ठेवा. गुंडाळायला वाकला तर चालतं, कमरेभोवती यायचंय त्याला. पिळला जाऊ नये. चांगल्या पट्ट्यात नायलॉनच्या दोन थरांमध्ये कडक प्लास्टिकची पट्टी असते, तिचं काम हेच. जाडी बघून फसू नका. जाड आणि लुळे पट्टे मी भरपूर बघितलेत.

आता आराम. स्थिर पाहिजे म्हणून लोक काय करतात? आवळतात. अजून एक भोक, अजून एक. दुपारपर्यंत खुब्याच्या हाडावर लाल वळ, गुडघ्यावर बसलं की वरचा काठ बरगडीखाली रुततो, श्वास वरच्या वर. आवळणं हा लुळ्या पट्ट्यावरचा उतारा आहे, आणि तोही अर्धवट. पट्टा कडक आणि मापाचा असेल तर आतला पट्टा रोजच्या पट्ट्याइतकाच बांधायचा, बाहेरचा त्याच्यावर नुसता दाबून बसवायचा. कमरेला करदोडा असेल तर त्याची गाठ पट्ट्याखाली येऊ देऊ नका. दिवसभरात ती काय करते ते संध्याकाळी कळतं.

मापाचं सांगतो, कारण ऑनलाइन मागवताना तिथंच गडबड होते. पँटवर ३४ लिहिलंय म्हणजे पट्टा ३४ चा नाही. मॅचला घालणार तीच पँट घाला, आतला पट्टा ओवा, आणि त्याच्यावरून टेप फिरवा. टेप नसेल तर सुतळी फिरवा आणि ती पट्टीवर मोजा. आकडा पँटच्या साइजपेक्षा दोन-तीन इंच जास्त निघाला तर घाबरू नका. पोट आत ओढू नका, इथं बघायला पाहुणे आलेले नाहीत. बरेचसे बाहेरचे पट्टे कापून बारीक करता येतात, पण थोडं थोडं कापा आणि नायलॉनची कड लायटरनं हलकी शेकून घ्या, नाहीतर उसवत जाते.

ज्यांना पोट आहे त्यांच्यासाठी खास. पोटाखाली पट्टा पुढं उतरतो, त्याच्याबरोबर होल्स्टरचा कोन बदलतो. उभं राहून सरळ वाटणारं पिस्तूल प्रत्यक्षात पुढं झुकलेलं असतं. आरशात बाजूनं बघा आणि हँगरचा स्क्रू सैल करून कोन सुधारा. आणि मॅचच्या दिवशी दुपारी धपाटे, दही, ठेचा झाला की कमर वाढते, हे गृहीत धरा. ढिलं करायचं तर दोन्ही टोकं सारखी सोडा. आतल्या पट्ट्यावर होल्स्टरच्या जागेला पांढऱ्या मार्करनं खूण करून ठेवा, म्हणजे जेवणानंतरही होल्स्टर तिथंच बसेल.

आता एक गोष्ट, जी पट्टा विकणारे सांगत नाहीत. पँटचे लूप. लूप जिथं आहे तिथं आतला पट्टा त्याच्याखाली झाकला जातो, म्हणजे त्या जागी वेल्क्रोला वेल्क्रो भेटतच नाही. जीन्सचा जाड लूप नेमका होल्स्टरखाली आला तर सगळ्यात जास्त जोराच्या ठिकाणी पकडच नाही! तेव्हा होल्स्टर दोन लूपच्या मधोमध बसवा. नसेल बसत तर शिंप्याकडं जा, लूप सरकवून घ्या आणि होल्स्टरच्या दोन्ही अंगांना एकेक पक्का शिवून घ्या. सुटाच्या पँटचे लूप अरुंद असतात, दीड इंची पट्टा त्यातून जात नाही, ते नादच सोडा. ट्रॅक पँट तर नकोच.

लूपवरून नियम आठवला. आयपीएससीत पट्टा कमरेच्या पातळीवर पाहिजे, आणि तो (दोन पट्टे असतील तर आतला) पँटला कायमचा जोडलेला नसेल तर किमान तीन लूपमधून अडकलेला पाहिजे. महिला स्पर्धकांना खुब्याच्या पातळीवर घालायची सवलत आहे. होल्स्टर मांडीला बांधायचं नाही. प्रॉडक्शन आणि स्टँडर्ड गटांत पिस्तूल आणि पाऊच पट्ट्याच्या आतल्या बाजूपासून ५० मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर नको, रेंज ऑफिसर मोजतो. ओपन गटाला ही अट नाही. आणि स्टेज चालू असताना पिस्तूल खाली पडलं, भरलेलं असो की रिकामं, की तुम्ही बाद. होल्स्टरमधून निसटलं तरी बाद. लुळा पट्टा नुसता वेळ खात नाही, घरीही पाठवतो. मॅचच्या आधी चालू वर्षाचं रूलबुक एकदा चाळा, नियम बदलत राहतात.

स्वस्तातलं काय? आपल्याकडं नवार आहे, बॅग शिवणारे आहेत, हात पण बसलेला आहे त्यांचा. सुती नवार नको, घाम पिऊन ती फडक्यासारखी होते. नायलॉनची जाड पट्टी दुहेरी घ्या, मध्ये प्लास्टिकच्या जुन्या ड्रममधून कापलेली पट्टी घाला, कडेनं पक्की शिलाई, आतून वेल्क्रो. घरच्या ड्राय, म्हणजे बिनगोळ्यांच्या, सरावाला असा पट्टा झकास चालतो. मॅचला मात्र मी सीआर स्पीड किंवा डबल अल्फा या कंपन्यांच्या पंगतीतला तयार पट्टा घ्या म्हणेन, आणि पैसे कमी पडत असतील तर होल्स्टर साधं घ्या. लोक उलटं करतात.

चामड्याचं विचाराल तर मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर. चामडं घाम पितं, मऊ पडतं, ताणतं. रोजच्या वापराला ठीक, या खेळाला नाही.

आणि वेल्क्रोचा खरा शत्रू आपल्या रानात आहे. कुसळ! रेंजच्या कडेला पावसाळ्यानंतर कुसळी गवत, आघाडा, गोखरू, सगळं वेल्क्रोत जाऊन बसतं. वर टीशर्टची कापसाची लव. वेल्क्रोचे बारीक आकडे भरले की पकड गेली. बारीक दातांची फणी किंवा जुना टूथब्रश घ्या आणि खरखरीत बाजू विंचरून काढा. धुवायचा तो आतला पट्टा, साध्या साबणानं, वाळवायचा सावलीत. बाहेरचा कडक पट्टा दुमडून ठेवू नका आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत तर अजिबात नको, आतलं प्लास्टिक तापून वेडावाकडा आकार धरतं. गोल करून खुंटीला टांगा.

पट्टा घरी आला की खोलीत काडतूस नाही याची खात्री करा, पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा बघा, सगळं सामान अंगावर चढवा आणि तासभर घरात वावरा. जिना चढा, खाली बसून बुटाची नाडी बांधा, पोरामागं पळा. मग मार्करची खूण बघा. होल्स्टर खुणेवरून हललं असेल तर आधी लूप तपासा, मग माप, आणि पट्टा बदलायचा विचार सगळ्यात शेवटी. पुढच्या व्हिडिओत मॅगझिन पाऊच किती तिरपे लावायचे, ते बघू.