पेवाच्या तोंडाशी सांगितलेली म्हण

श्रोतेहो, नमस्कार.

आज म्हणींविषयी बोलायचे आहे. म्हणींचे अर्थ आपणा सर्वांना ठाऊक आहेत, त्यामुळे ते पुन्हा सांगत बसण्यात मी आपला वेळ घेणार नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे ज्याच्या कानांवर कधीच पडले नाही असा माणूस आपल्या कृष्णाकाठी सापडणे कठीण आहे. मला सांगायचे आहे ते वेगळे आहे. म्हण कोणी सांगितली, कोणाला सांगितली आणि कोणत्या वेळी सांगितली, यावर तिचे सारे बळ अवलंबून असते. कोणी, कोणाला आणि कोणत्या वेळी, हे तीन प्रश्न आपण आज मनाशी धरून ठेवावेत, अशी माझी विनंती आहे.

यासाठी मी आपल्याला हरिपूरची एक हकिकत सांगतो. ती मी वडिलांच्या तोंडून पुष्कळदा ऐकली आहे आणि ती सांगताना मला आजही तितकाच आनंद होतो. सांगलीला लागून, कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर वसलेल्या हरिपुरात जमिनीच्या पोटात पेवे खोदून हळद साठवण्याची जुनी पद्धत आहे. पेवाचे तोंड अरुंद असते आणि पोट प्रशस्त. तेथील मातीत पाणी सहसा झिरपत नाही, त्यामुळे नीट बंद केलेल्या पेवात हळद वर्षानुवर्षे टिकते आणि चांगला भाव येण्याची वाट पाहणे व्यापाऱ्याला परवडते. 2005 च्या महापुरात यांतील बरीच पेवे गेली, याची हळहळ गावातील जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून ऐकू येते.

तर वडिलांच्या हकिकतीतल्या त्या दिवसांत हळदीचा भाव एकाएकी चढला होता. एका व्यापाऱ्याचा मुलगा, नुकताच पेढीवर बसू लागलेला, सकाळीच हमालांना घेऊन पेवावर आला. दुपारच्या सौद्याला माल नेऊन उभा करायचा, असे त्याने मनाशी पक्के ठरवले होते. पेवाच्या तोंडावरची माती काढली गेली, दगड बाजूला झाला आणि त्याने लगेच एका तरुण हमालाला आत उतरण्यास सांगितले. तो बिचारा दोर कमरेला बांधू लागला. तेवढ्यात टोळीतला सर्वांत वयस्कर हमाल, ज्याला सगळे तात्या म्हणत, पुढे आला आणि पेवाच्या तोंडाशी चक्क मांडी घालून बसला.

आता त्या म्हाताऱ्याची अडचण लक्षात घ्या. समोर मालकाचा मुलगा आहे, पोट त्याच्या पेढीवर आहे, आणि चार माणसांदेखत त्याला चूक म्हणावे तर त्याचा अपमान होतो. गप्प बसावे तर एका पोराचा जीव जातो, कारण बंद पेवातला प्राणवायू कमी झालेला असतो आणि उघडल्याबरोबर आत उतरणारा माणूस गुदमरून तेथेच कोसळू शकतो. तात्या शांतपणे म्हणाले, “धाकलं मालक, पी हळद अन् हो गोरी, असं कुठं व्हतंय व्हय? जी हळद नऊ महिनं रानात ऱ्हायली, तिच्यापायी दोन-तीन तास आपुन थांबू या.”

एवढे बोलून त्यांनी कंदील पेटवला, दोरीला बांधला आणि सावकाश आत सोडला. सगळे वाकून पाहू लागले. अर्ध्या वाटेवर ज्योत लहान झाली, थोडी थरथरली आणि विझली. कोणी काही बोलले नाही. मालकाच्या मुलाने स्वतः त्या हमालाच्या कमरेचा दोर सोडला आणि तो तात्यांच्या शेजारी जमिनीवर बसून राहिला. त्या दिवशीचा सौदा हुकला. दुपार कलल्यावर कंदील पुन्हा खाली सोडला, तो तळाशी जाईपर्यंत जळत राहिला, आणि मग माणसे उतरली. वडील सांगत, की पुढे तो मुलगा मोठा व्यापारी झाला आणि पेव उघडायच्या दिवशी त्याने सौद्याची वेळ कधीच धरली नाही.

श्रोतेहो, ‘पी हळद आणि हो गोरी’ ही म्हण शाळेच्या पुस्तकात ‘उतावळेपणा करणे’ एवढ्या अर्थाने संपते. हरिपुरातल्या त्या सकाळी मात्र तिने एकाचा जीव वाचवला, एकाचा मान राखला आणि एका गरीब म्हाताऱ्याला मालकाशी खरे बोलण्याचा अधिकार दिला. तात्यांनी स्वतःचे मत सांगितले असते, तर ते एका हमालाचे मत ठरले असते. म्हण उच्चारली तेव्हा त्यांच्या मागे सगळा गाव उभा राहिला. शिवाय ती म्हण हळदीची होती, आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावलेली हळद काढून, शिजवून, वाळवून, पॉलिश करून बाजारात आणण्यास किती धीर लागतो, हे तेथे जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपल्याला अभिमान आहेच. पण या पिकाने आपल्याला दिलेल्या अशा बोलीचाही तितकाच अभिमान असावा, असे मला मनापासून वाटते.

वेळ चुकली की हीच म्हण जखम करते. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 45 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी चढतच राहिले. ज्याचे घर बुडाले आहे, त्याला छावणीत बसून ‘बैल गेला आणि झोपा केला’ असे ऐकवणे हा क्रूरपणा आहे. तीच म्हण मे महिन्यात, कागदपत्रे आणि धान्य वरच्या मजल्यावर हलवण्याची आठवण करून देताना सांगितली, तर ती घर वाचवते. म्हण तीच, माणूस तोच. वेळ तेवढी वेगळी.

जाता जाता आणखी एक सांगतो. सुनांना, विधवांना आणि अपंगांना टोचणाऱ्या, किंवा एखाद्या जातीला हिणवणाऱ्या म्हणीही आपल्याकडे आहेत. केवळ जुन्या आहेत एवढ्यासाठी त्या घरात वापरत राहणे योग्य नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि मोबाइलवर रोज सकाळी फुलांच्या चित्रासह येणारी म्हण कोणालाच उद्देशून नसते, त्यामुळे ती कोणालाच लागत नाही.

शिक्षक मित्रांना माझी विनंती आहे, की मुलांना म्हणींचे अर्थ पाठ करायला लावण्याऐवजी घरातल्या आजीला किंवा आजोबांना एकच प्रश्न विचारून यायला सांगावे: “ही म्हण तुम्हाला कोणी आणि केव्हा सांगितली होती?” उत्तरात जी हकिकत येईल, ती मुलांनी म्हणीखाली वहीत लिहून ठेवावी.

नमस्कार.