दाव्याचा हक्क घेतलात, बदल्यात काय दिलंत?

(पडद्यावर: टालाहासी, फ्लोरिडाचं सर्वोच्च न्यायालय)

1972 पासून फ्लोरिडात नो-फॉल्ट विमा लागू झाला. चूक कुणाचीही असो, जखमी माणसाने औषधपाण्याचा खर्च आणि बुडालेली कमाई आपल्याच विमा कंपनीकडून घ्यायची. समोरच्यावर दावा लावायची वाट मात्र बरीचशी बंद झाली. पण राज्याच्या घटनेत पहिल्याच प्रकरणाचं 21 वं कलम सांगतं की, नुकसान झालेल्या प्रत्येकाला कोर्टाचं दार उघडं असेल. आव्हान उभं राहिलं ते याच कलमावर.

1973 सालचा क्लूगर विरुद्ध व्हाइट हा खटला निव्वळ गाडीच्या नुकसानीचा. त्यासाठीचा विमा ऐच्छिक होता. तो न घेतलेल्या मालकाला नुकसान 550 डॉलरच्या वर गेलं तरच दावा लावता येई. इथे गाडीची बाजारातली किंमतच त्याहून कमी! म्हणजे विमा नाही आणि दावाही नाही. कोर्टाने ती तरतूद रद्द केली आणि कसोटी घालून दिली: जुना हक्क काढून घ्यायचा तर वाजवी पर्याय द्या, नाहीतर सार्वजनिक गरज अटळ आहे आणि दुसरा मार्गच नाही, हे दाखवा.

पुढच्याच वर्षी लास्की खटल्यात हीच कसोटी कायद्याच्या मदतीला आली. शारीरिक इजेचा विमा सक्तीचा होता, त्यामुळे हक्काच्या बदल्यात हातात काहीतरी ठोस पडत होतं. वेदनांच्या भरपाईचा दावा लावायला वैद्यकीय खर्च 1,000 डॉलरच्या वर हवा, ही अट टिकली. एक कलम मात्र उडालं. शरीराचा भार पेलणारं हाड मोडलं, की खर्च कितीही कमी असो, दावा खुला; स्नायूंना कायमची नसली तरी महिनोन्‌महिने छळणारी दुखापत झालेला माणूस मात्र 1,000 च्या उंबरठ्यावर अडकलेला. हा भेद कोर्टाला मनमानी वाटला, आणि समान संरक्षणाच्या, म्हणजे कायद्याने सगळ्यांना सारखंच वागवायचं या मुद्द्यावर तो गेला.

फ्लोरिडात कायदा सक्तीमुळे तरला. मिशिगनमध्ये सक्तीच अंगाशी आली. 1978 च्या शेव्हर्स खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नो-फॉल्टची मूळ कल्पना मान्य केली, पण सवाल केला: विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नसेल, तर हप्ता रास्त आहे की नाही हे बघणार कोण? कंपनीने पॉलिसीच नाकारली तर दाद कुठे मागायची? कायद्यात धड उत्तर नव्हतं. तरी कोर्टाने कायदा तडकाफडकी मोडला नाही. विधिमंडळाला 18 महिने दिले, आणि 1979 मध्ये दर ठरवण्याचे नि पॉलिसी नाकारण्याचे नियम बांधणारा वेगळा कायदा आला.