काळ्या मातीच्या पोटातली भेग

(दृश्य: चोपडा तालुका, मे महिना. पऱ्हाट्या उपटलेलं रान, वरून ड्रोन, मग भेगेवर क्लोजअप)

हे तापीकाठचं काळं रान. ह्या भेगेत हात घातला की कोपरापर्यंत जातो, खान्देशात कुणाला ह्याचं नवल नाही. काळा पाषाण झिजून झालेली माती, तिच्यात माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती भरपूर, ती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आखडते. आखडताना ताण बसतो आणि माती फाटते, ती ही भेग. पण ही दाबानं पडलेली नाही, दाबानं पडते ती वेगळी, आणि ती बघायला खाली उतरावं लागतं.

(दृश्य: जेसीबीनं घेतलेला पायाचा खड्डा, भिंतीवरून हळूहळू खाली)

चार-पाच फुटांवर आलो. आता नीट बघा, ही तिरकी रेघ दिसतेय ना, तिथून ढेकूळ हातानंच सुटलं, आणि त्याची बाजू अक्षरशः चकाकतेय, वर बारीक ओरखडे, सगळे एकाच दिशेनं. माती मातीवरून घासत सरकली त्याच्या ह्या खुणा, इंजिनिअर लोक ह्याला स्लिकनसाइड म्हणतात. उन्हाळ्यात वरची भुसभुशीत माती भेगांत पडते, पावसाळ्यात खालची माती फुगायला लागते तर बाजूला जागाच नाही, वरून वजन, दोन्हीकडून कोंडलेली, मग ती तिरकी होऊन वर सरकते. असं वर्षानुवर्षं चालू आहे. म्हणजे आपण अजून एक वीट ठेवलेली नसते आणि घसरायच्या वाटा आधीच तयार असतात!

(दृश्य: लॅब. मातीचा गोल नमुना प्रेसमधे, टाइमलॅप्स)

हा नमुना ३८ मिलिमीटर व्यासाचा, ७६ मिलिमीटर उंच. वरून दाब हळूहळू वाढवतोय. सुरुवातीला काहीच होत नाही, सगळा नमुना मिळून थोडा थोडा दबतो. ओली मऊ माती असती तर मधे फुगून पसरली असती, ही घट्ट आहे, म्हणून पुढचं बघण्यासारखं आहे. थांबा... इथे. एक बारीक तिरकी चीर, वर दुसरी, एकमेकींपासून सुट्या. आता नमुन्याचं दबणं सगळीकडे सारखं राहिलं नाही, एका पट्ट्यात गोळा व्हायला लागलं, चिरा एकमेकींना मिळाल्या आणि वरचा तुकडा खालच्यावरून सरकला.

त्या पट्ट्याच्या आत काय होतं? १९६७ साली मॉर्गेन्स्टर्न आणि चालेंको ह्या संशोधकांनी केओलिन ही पांढरी चिकणमाती शिअर बॉक्समधे, म्हणजे माती आडवी सरकवून तिची ताकद मोजायच्या पेटीत, सरकवली आणि मायक्रोस्कोपखाली बघितली. मातीचे कण चपटे असतात. सरकता सरकता ते सरकण्याच्या दिशेनं आडवे पडत जातात, पत्त्यांच्या कॅटसारखे, आणि मग एकावरून दुसरा घसरायला फार जोर लागत नाही. अख्ख्या मातीची ताकद वेगळी आणि एकदा घसरलेल्या मातीची वेगळी, हे ब्रिटिश मृदा-अभियंते स्केम्प्टन ह्यांनी १९६४ च्या रँकिन व्याख्यानात, म्हणजे ह्या विषयातल्या मानाच्या भाषणात, ठासून मांडलं. माँटमोरिलोनाइटवाल्या मातीत त्या घासलेल्या पृष्ठाचा घर्षणकोन (हा जितका लहान तितकं घसरणं सोपं) दहा अंशांच्याही खाली येऊ शकतो. आणि हे सगळं लगेच होतं असंही नाही, लंडनजवळ सडबरी हिलला रेल्वेसाठी चिकणमातीत कापलेला उतार ४९ वर्षांनी घसरला.

(दृश्य: तडा गेलेली भिंत, अडकलेला दरवाजा, पाटचारीचा बसलेला काठ)

ह्याच मातीपायी आपल्याकडे घरं तडकतात, पाटाचे काठ बसतात, ते तुम्ही रोज बघता.

(दृश्य: पुन्हा खड्डा, मोजपट्टी)

म्हणून आमचं म्हणणं एवढंच की पायाच्या आधी खड्डा घ्या आणि त्याच्या भिंती डोळ्यांनी बघा, ढेकूळ फोडून बघा, फक्त वरून "काळी आहे" म्हणून पायाच्या खोलीचा पाच फुटांचा आकडा ठोकू नका. उपाय आहेत आणि ते आपल्याच देशात तयार झालेत. रुरकीच्या सीबीआरआयनं, म्हणजे केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं, अशा मातीसाठी अंडर-रीम्ड पाइल विकसित केली, म्हणजे जमिनीत उभा जाणारा पायाचा खांब, खाली फुगीर बुड असलेला, साधारण साडेतीन मीटर खोल, जिथे ओल फारशी बदलत नाही तिथे बसतो. मुंबई आयआयटीच्या कट्टी सरांनी कालव्यांसाठी न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा थर द्यायचं सुचवलं, साधारण मीटरभर जाडीचा. आपला मुरूम त्यात चालेल का, तेही लॅबमधे तपासूनच ठरवा, आणि नमुना देताना तो कितव्या फुटावरचा आहे ते पिशवीवर नक्की लिहा.