गाडी आमच्या मागून आली

नमस्कार श्रोतेहो.

मी गुहागर तालुक्यातली. आमचं घर धोपाव्याच्या अलीकडे, दाभोळला गाड्या-माणसं नेणाऱ्या जंगलजेटीचा, म्हणजे फेरीबोटीचा भोंगा पडवीत ऐकू येतो एवढ्यावर. आमचे हे नौदलात आहेत. कुठल्या तळावर, काय काम, ते सांगायचं नसतं, तुम्हीही विचारू नका. एवढंच सांगते, की २०२२च्या एप्रिलमध्ये बदलीची ऑर्डर आली ती थेट अंदमानची. पोर्ट ब्लेअर. आता त्याचं नाव श्री विजयपुरम झालंय, पण आमच्या तोंडात अजून जुनंच बसलंय.

तेव्हापासून वाडीतल्या कुणा पोराची लांब बदली झाली, की तो आमच्या पडवीत येऊन टेकतो. "वहिनी, तुम्ही गाडी कशी नेलीत?" चहा होईपर्यंत मी सांगते. आज तेच तुम्हाला सांगायचंय.

आमची गाडी म्हणजे साधी मोटारसायकल, १२५ सीसीची, एमएच ०८ म्हणजे रत्नागिरीच्या नंबरची. फौजी माणसाला बदलीत जॉइनिंग टाइम मिळतो तो मोजून. त्यात बॅग भरायची, देवाला नारळ द्यायचा, बँकेतली कामं उरकायची आणि निघायचं. गाडीचं काम मागे राहतं ते घरच्यांकडे, म्हणजे माझ्याकडे आणि भाऊजींकडे.

पहिलं काम कागदांचं. गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहणार असेल, तर तिथला नंबर घ्यावा लागतो, आणि त्यासाठी आपल्या आरटीओची एनओसी लागते. तो २८ नंबरचा फॉर्म. कर्ज असेल तर बँकेचं पत्र, जुनी चलनं भरलेली, विमा आणि पीयूसी चालू हवी. आणि फॉर्मवर चॅसिस नंबरचा छाप. नाण्यावर कागद ठेवून मुलं पेन्सिल घासतात ना, तस्संच. खळ्यात गाडी उभी केली, हँडलखाली नळीवर तो नंबर कोरलेला असतो, तिथली माती आणि ग्रीस आधी रॉकेलच्या बोळ्याने काढली, आणि माझा मुलगा कागद धरून बसला. दोनदा कागद हलला. तिसऱ्यांदा आकडे उमटले. चार प्रती घासून ठेवल्या, त्या पुढे सगळ्या लागल्या.

इथे एक सांगते, कारण नव्या पोरांना याचा खरा उपयोग आहे. सप्टेंबर २०२१पासून बीएच सिरीज आली आहे, भारत सिरीज. लष्करातल्या, सरकारी नोकरीतल्या माणसाला ती मिळते. कुठल्याही राज्यात गेलात तरी नंबर तोच. कर एकदम १५ वर्षांचा नाही, दोन-दोन वर्षांचा भरायचा. दहा लाखांच्या आतल्या गाडीला आठ टक्क्यांच्या हिशोबाने, वर गेलं की दहा आणि बारा टक्के, डिझेलला दोन टक्के जास्त. आम्ही निघालो तेव्हा हे फक्त नव्या गाडीला होतं. जुन्या गाडीला बीएच घेता येईल असा बदल डिसेंबर २०२२मध्ये आला, आणि तोवर आमच्या गाडीवर अंदमानचं एएन ०१ लागूनही गेलं होतं! आमचं नशीब नेहमी असं सहा महिने मागे असतं.

मग रेल्वे. गाडी दोन प्रकारे जाते. तुम्ही त्याच ट्रेनने जाणार असाल तर तिकीट दाखवून लगेजमध्ये, नाहीतर पार्सलमध्ये. चिपळूणला ट्रेन थांबते ती किती वेळ, तेवढ्यात मोटारसायकल चढवणं हमालांच्याही जिवावर येतं. म्हणून भाऊजी ती मुंबईपर्यंत चालवतच घेऊन गेले. हायवेबद्दल मी आकाशवाणीवर काही बोलत नाही. मुंबईहून चेन्नई, भाऊजी त्याच ट्रेनमध्ये.

पेट्रोलचा थेंब टाकीत चालत नाही. भाऊजींनी नळी तोंडाने ओढून पेट्रोल कॅनमध्ये काढलं, थोडं तोंडात गेलं, आणि मग दिवसभर चहालाही तोच वास. पॅकिंगवाल्याने टाकीवर गवत बांधलं, हँडलला तरट, वर सुतळी, आणि रंगाने स्टेशनचं नाव. आरसे काढायला आम्ही विसरलो. दोष कुणाला देऊ, आमचाच. उजवा आरसा चेन्नईला उतरताना नुसता दांडा होता. तुम्ही आरसे काढा, टूलकिटही काढा आणि आपल्या बॅगेत टाका. निघताना गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढा, किलोमीटरचा आकडा दिसेल असे. बिल्टी, म्हणजे पार्सलची पावती, जपा. मुक्कामाला गाडी पडून राहिली तर जागेचं भाडं चढतं. सगळ्या पावत्या एका पिशवीत ठेवा, कारण बदलीत हुद्द्याप्रमाणे गाडी नेण्याचा खर्च मागता येतो, आणि कारकुनाला तुमची दमछाक दिसत नाही, पावती दिसते.

चेन्नईहून पुढे बोट. माणसांची बोट तीन-चार दिवसांत पोचते. गाडीचं तसं नाही. सामानाची जागा मिळेल तेव्हा, बोट लागेल तेव्हा, समुद्र देईल तेव्हा. आमच्या एजंटाने छातीठोकपणे सांगितलं, आठ दिवस. मी खाडीकाठची, मी विचारायला हवं होतं की महिना कुठला आहे. आपल्याकडे मृगाची वाट बघत असतात तेव्हा अंदमानात पावसाने केव्हाच ठाण मांडलेलं असतं, मेच्या तिसऱ्या आठवड्यातच. आगोटीला आपण होड्या वर ओढतो आणि तिथे मी गाडीच्या बोटीची वाट बघत होते! आम्ही मायलेक पोचलो जूनच्या सुरुवातीला. गाडी आली पाच आठवड्यांनी.

पोर्ट ब्लेअर सगळं चढउताराचं. बाजारातून कांदेबटाटे घेऊन चढ चढताना मला आमची पाखाडी आठवायची, फक्त इथे वर पोचल्यावर माझे सासरे, अण्णा, ताक घेऊन उभे नसायचे.

हॅडो धक्क्यावर गाडी घ्यायला गेलो. साखळी तांबडीलाल, बॅटरी मेलेली, टाकी कोरडी. पंपवाला बाटलीत पेट्रोल देईना. मग हे हँडल धरून, मी मागून ढकलतेय, आणि मुलगा हेल्मेट घालून पुढे चालतोय, अशी आमची वरात पंपावर गेली. रात्री तरट सोडून मडगार्ड धुतलं, तर आतून आपल्या तांबड्या मातीचं ढेकूळ निघालं. खळ्यातली माती, मुंबई-चेन्नई करून समुद्रापार आलेली. ह्यांनी पाण्याचा पाइप बंद केला आणि ते ढेकूळ कुंडीत टाकलं. बोललं कुणीच नाही.

तिथे चाथम ते बांबू फ्लॅट अशी फेरी आहे, गाड्या चढतात. रस्त्याने जायचं तर मोठा वळसा. पहिल्या रविवारी गाडी बोटीवर चढवली, फळी खडखडली, डिझेलचा वास आला, आणि मुलगा म्हणाला, "आई, दाभोळ आलं." तेवढ्यासाठी गाडी नेली ते बरं झालं असं मला त्या दिवशी वाटलं.

पण त्या दिवशीच. कारण घरी दुसरी गाडी नव्हती. अण्णांना साखर आहे, तपासणीला चिपळूणला जायचं म्हणजे एसटी किंवा वडाप. भाऊजी मुंबईला कामावर. त्या जुलैत अण्णांना रात्री ताप भरला, तर वाडीतल्या एकाची रिक्षा मिळेस्तोवर दीड तास गेला. हे आम्हाला चार दिवसांनी कळलं, तेही शेजारणीकडून. म्हणून आता पडवीत येणाऱ्या पोराला मी आधी विचारते, मागे घरी कोण राहणार आहे, आणि त्यांना दवाखान्यात कोण नेणार आहे? जुनी गाडी असेल तर ती घरी ठेव. तिथे बदलून जाणारा कुणीतरी आपली गाडी विकायला काढतोच, तिथल्याच नंबरची. ती घे, येताना विक.

लडाखला जाणाऱ्याचं आणखी वेगळं. आमच्या वाडीतला एकजण मराठा लाइट इन्फंट्रीत आहे, त्याला लेहला कार न्यायची होती. झोजिला साडेअकरा हजार फुटांवर, हिवाळ्यात बर्फाने रस्ता बंद पडतो. रेडिएटरात आपण नुसतं पाणी घालतो, ते तिथे गोठून फुटेल. साधं डिझेलही थिजतं, लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं वेगळं डिझेल २०१९मध्ये काढावं लागलं. त्याला म्हटलं, कार बायकोला शिकव. ती शिकली. आता गुहागरच्या बाजारात तीच मला लिफ्ट देते.

आमचे हे गेल्या वर्षी मुख्य भूमीवर परत आले. गाडीही आली, त्याच वाटेने उलटी, या वेळी आरसे काढून. आता पडवीत ताडपत्रीखाली उभी आहे, आणि पुढच्या बदलीला ती जागची हलणार नाही, हे मी ठरवलंय. नंबर अजून एएन ०१ आहे. मुलगा वाडीभर सांगतो, एएन म्हणजे अण्णा, गाडी अण्णांच्या नावावर आहे. अण्णांना ते इतकं आवडलंय, की एमएच ०८ करायचा विषय काढला की ते उठून बागेत जातात. पण १२ महिन्यांचा हिशोब संपत आलाय. अंदमानची एनओसी ट्रंकेत आहे. सोमवारी मला रत्नागिरीला आरटीओत जायचंय, त्याआधी कागद आणि पेन्सिल घेऊन खळ्यात बसायचंय.

नमस्कार.