बॅटरी बदलायच्या आधी

राम राम मंडळी. मी जळगावातला एक ऑटो वायरमन, म्हणजे गाडीची वायरिंग, सेल्फ (इंजिनाला पहिली गिरकी देणारी मोटर), डायनामो (चालू गाडीत बॅटरी चार्ज करणारा), हॉर्न असली कामं करणारा माणूस, पंचवीसेक वर्षं झाली हेच करतोय. सकाळी आठपासून फोन सुरू होतात आणि निम्म्या फोनांवर एकच वाक्य असतं, "भाऊ, गाडी चालू व्हत नही, बॅटरी गई वाटस." आता बघा, ह्यातला पहिला भाग म्हणजे तक्रार आणि दुसरा भाग म्हणजे निकाल. साक्षीपुरावा काही नाही, डायरेक्ट फाशी, तीपण बिचाऱ्या बॅटरीला.

पण दुसऱ्यांना कशाला हसू, मीच एकदा असा तोंडावर पडलोय. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दोन दिवस आधी बहिणीला आणायला यावलकडच्या एका खेड्यात गेलो होतो, मुराळी म्हणून. मांडे-आमरस झाला, कडुनिंबाखाली खाटेवर जरा पडलो, चार वाजता निघायचं म्हणून किल्ली फिरवली तर नुसता एक आवाज, टक. परत फिरवली, परत टक. दहा मिनिटांत अर्धी गल्ली जमा झाली आणि प्रत्येकाचं निदान वेगळं, पण शेवटी सगळे बॅटरीवरच येऊन थांबले, कारण ती चार वर्षं जुनी होती आणि डोळ्यांना दिसत होती. मी वायरमन आहे हे सगळ्यांना माहिती, पण व्होल्ट मोजायचा मीटर राहिला दुकानात, बहीण पिशव्या घेऊन उभी, पाव्हणे, म्हणजे बहिणीचे मालक, म्हणाले मी आणतो, आणि ते मोटरसायकलवर जाऊन नवी कोरी बॅटरी घेऊन आलेसुद्धा. साडेचार हजार. बसवली, सेल्फ मारला, गाडी चालू! लोकांनी टाळ्या वाजवायच्या बाकी ठेवल्या.

भुसावळच्या अलीकडं तापीच्या पुलाजवळ चहाला थांबलो. चहा पिऊन किल्ली फिरवली. टक.

आता मला काय करायला पाहिजे होतं ते सांगतो, आणि हे तुम्हीपण करू शकता, ह्याला काही शिक्षण लागत नाही. पहिलं म्हणजे कान लावायचा. गाडी चालू होत नाही म्हणजे नक्की काय होत नाही? सेल्फ फिरतोय, इंजिन गरगरतंय पण पेट घेत नाही, तर बॅटरी आणि सेल्फ बहुतेक ठीक आहेत, मग फ्युएल पंपाचा फ्यूज, सेन्सर, किल्लीचं इमोबिलायझर (किल्ली ओळखली नाही तर गाडी चालू होऊ न देणारं) असं बघायचं (डॅशबोर्डवर किल्लीचं चित्र लुकलुकत असेल तर दुसरी किल्ली लावून बघा). टकटकटकटक असा भराभर आवाज आला तर करंट कमी पडतोय, बॅटरी उतरलीय नाहीतर टर्मिनल, म्हणजे बॅटरीच्या खांबावरची वायरीची पकड, ढिलं आहे. एकच दणकट टक आला आणि पुढं शांतता, तर सोलेनॉइडनं (सेल्फला करंट जोडून देणाऱ्या स्विचनं) काम केलं पण मोटर फिरली नाही, मग सेल्फचे कार्बन (फिरत्या मोटरला करंट पोचवणारे ठोकळे) झिजलेत किंवा जाड वायरीतून करंट पोचत नाहीये. आणि आवाजच नाही, डॅशबोर्डही काळा, तर सरळ बॅटरीच्या टर्मिनलला जा. डॅशबोर्ड पेटतोय पण टकसुद्धा नाही तर रिले, फ्यूज, स्विच, आणि हो, बऱ्याच नव्या गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही, आटोमॅटिक असेल तर पार्क नाहीतर न्यूट्रलला पाहिजे. एकदा एका काकांच्या गाडीसाठी मी धरणगावपर्यंत गेलो आणि क्लच दाबून परत आलो. पैसे घेतले नाहीत, घेऊ कसे?

दुसरं, हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा, समोर भिंत असली तर उत्तम. लाइट एकदम मेणबत्तीसारखा झाला तर बॅटरी उतरलीय नाहीतर तिच्या जोडणीत दोष आहे. लाइट तसाच भक्क राहिला आणि सेल्फ हलला नाही, तर बॅटरी भरलेली आहे पण करंट सेल्फपर्यंत जातच नाहीये.

तिसरं म्हणजे मीटर. दोनशे-तीनशे रुपयांत साधा डिजिटल मल्टीमीटर मिळतो, तो डीसी २० व्होल्टवर ठेवायचा. गाडी रात्रभर उभी असेल तर चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरली. सेल्फ फिरत असताना साधारण ९.६ च्या खाली जायला नको. गाडी चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आलं म्हणजे डायनामो चार्जिंग देतोय. चालू गाडीवर पण १२.३ च दिसत असेल तर नवी बॅटरी घेऊन काय उपयोग, ती पण दोन दिवसांत उतरणार.

पण मंडळी, खरी गोम पुढं आहे, आणि ती शेतकऱ्याला माझ्यापेक्षा लवकर कळेल. केळीला ठिबक आहे, फिल्टरमध्ये कचरा अडकलाय. सगळे वॉल बंद असतील तर फिल्टरच्या पुढच्या गेजवर पण प्रेशर फुल दिसतं. वॉल उघडा, पाणी वाहायला लागलं की गेज धपकन खाली. वायरीच्या जोडाचं सेम तसंच आहे. गंज चढलेल्या जोडातून डॅशबोर्डचे दिवे लागतात, हॉर्न वाजतो, मीटर १२.६ दाखवतो, कारण ह्यांना करंट लागतो थोडासा. सेल्फला लागतो शंभर-दीडशे अँपिअर, डिझेल गाडीला त्याहून जास्त, आणि एवढा करंट ओढायला गेलं की त्या गंजातच चार-पाच व्होल्ट मरतात, सेल्फला उरतं काय, टक. म्हणून जोड तपासायचा तर करंट वाहत असतानाच तपासायचा. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खांबावर, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगायचं, गाडी न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढलेला. पाव-अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थिंग, म्हणजे मायनसकडची जोडणी, खराब. तसंच प्लसचं, बॅटरीचा प्लस खांब ते सेल्फचा मोठा बोल्ट. एका वेळी पाच-सात सेकंदांच्या वर सेल्फ मारू नका, तो जळतो.

तर पुलाजवळ माझ्याकडं मीटर नाही. केळीचा ट्रक घेऊन निघालेला एक ड्रायव्हर चहा पीत होता, त्यानं विचारलं, "काय व्हयनं रे भो?" त्याच्याकडं जंपर केबल होती. तो म्हणे माझ्या बॅटरीवरून देतो, पण मी बॅटरी तर आत्ताच घेतलेली, आणि त्याची चोवीस व्होल्टची, ती माझ्या बारा व्होल्टच्या गाडीला जोडली असती तर गाडीतला संगणक जळला असता. तेव्हा कुठं माझं डोकं चाललं. त्याची फक्त काळी केबल घेतली, एक टोक माझ्याच बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिनाच्या हुकाला. किल्ली फिरवली, गाडी अशी चालू झाली जशी शोरूममधून काढली. म्हणजे दोष बॅटरीत नव्हताच, बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला आणि इंजिनाला जाते ती अर्थिंगची वायर. ती जिथं बॉडीला बोल्टनं आवळलेली तिथं खाली गंजाचा पापुद्रा. नवी बॅटरी बसवताना ती वायर हलली, गंज थोडा खरवडला गेला, म्हणून खेड्यात एकदा चालू झाली आणि आम्हाला वाटलं निदान बरोबर.

दुकानात आल्यावर बोल्ट काढला, पॉलिश पेपरनं लोखंड चकचकीत केलं, आवळला, वरून व्हॅसलीन. खर्च शून्य. टर्मिनलवर पांढरं-हिरवं पीठ साचतं ना, त्याला गरम पाण्यात खायचा सोडा टाकून ब्रशनं धुवायचं, फक्त सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत जायला नको. वायर काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी, नाहीतर पाना बॉडीला लागला की ठिणगी.

बॅटरी खरंच जात नाही असं मी म्हणत नाही, आपल्याकडं तर लवकर जाते. मे महिन्यात जळगाव-भुसावळला ४५ डिग्री, बोनेटच्या आत त्याहून जास्त, आतलं पाणी उडतं, प्लेटा झिजतात, आणि ती बॅटरी मरते मात्र डिसेंबरच्या थंडीत, मग लोक थंडीला शिव्या देतात. झाकणाची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड पाणी बघत जा, बोअरचं टाकू नका. आणि गाडी पंधरा-पंधरा दिवस उभी राहत असेल तर बंद गाडीसुद्धा घड्याळ, लॉक, संगणक यांच्यासाठी थोडा करंट खाते. ५० मिलीअँपिअर धरला तरी दिवसाला १.२ अँपिअर-अवर, पंधरा दिवसांत १८, म्हणजे ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीतली निम्मी गेली. त्याच्यावर नंतर बसवलेला म्युझिक सिस्टीम, जीपीएस, चोर-अलार्म असेल तर विचारूच नका. उंदरांचं वेगळं, शेतातल्या घरी गाडी उभी असेल तर सकाळी बोनेट उघडून बघायचंच, कुरतडलेल्या वायरीनं माझं अर्धं दुकान चालतं.

माझी ती जुनी बॅटरी पाव्हण्यांनी ठेवून घेतली होती. रानडुकरांना अडवायला मळ्याच्या कुंपणाला झटका मशीन बसवलंय, त्याला लावलीय, वर एक छोटी सोलर प्लेट, अजून छान चालते. दर आखाजीला मी गेलो की पाव्हणे मला मळ्यात नेतात, बॅटरीवरची धूळ हातानं पुसतात, आणि काही बोलत नाहीत, नुसते माझ्याकडं बघतात.