येतो

[ओसरी, दह्याची वाटी, उंबरठा]

भाद्रपदातील सकाळ आहे. पऱ्हाटीला पाती धरली आहे आणि यवतमाळ जिल्ह्यातील या घरी महालक्ष्म्यांच्या सणाला आलेली लेक आज सासरी परत निघाली आहे. आई तिच्या तळहातावर चमचाभर दही ठेवते. ते चाटून, पिशवी खांद्याला अडकवून, उंबरठ्यापलीकडे एक पाय टाकल्यावर ती म्हणते, "येतो वं माय." आतून उत्तर येते, "ये बाई."

'येतो' हे रूप ऐकून कोणी चूक काढू नये; वऱ्हाडी बोलीत बायका स्वतःविषयी असेच बोलतात. नवल आहे ते क्रियापदाचे. निघालेले माणूस 'जातो' म्हणत नाही, कारण मराठीत माणूस मरण पावला की तो 'गेला' असे आपण म्हणतो, आणि तो शब्द दारात उभे राहून उच्चारणे घरच्यांना सोसत नाही. बांगडी फुटली तरी ती 'वाढली', नारळ फोडायचा तर तो 'वाढवायचा', संध्याकाळी दुकान बंद करायचे तर तेही 'वाढवायचे'. 'येतो' त्याच घराण्यातला.

[महालक्ष्म्यांचे मुखवटे, अक्षता]

हीच रीत देवघरातही दिसते. उत्तरपूजेत अक्षता वाहताना म्हटला जाणारा श्लोक 'यान्तु देवगणाः सर्वे' असा सुरू होतो आणि 'पुनरागमनाय च' येथे संपतो. 'यान्तु' म्हणजे जावोत. त्यातील 'या' हा धातूच आपल्या 'जाणे' या क्रियापदाचे मूळ आहे. गंमत अशी, की मराठीत मात्र 'या' म्हणजे बोलावणे, आणि पाहुण्याला ओसरीवर घेताना जो 'या' म्हणतात, तोच त्याला वाटेला लावतानाही म्हणतात. देवांना निदान संस्कृतात जा म्हणता येते; माणसांच्या निरोपात श्लोकाचा उत्तरार्धच तेवढा उरला आहे, असे आम्हांला वाटते. तमिळ माणूसही निघताना 'पोयिट्टु वरेन', म्हणजे 'जाऊन येतो', असेच म्हणतो.

[फाटा, लाल एसटी]

फोनवर आता 'बाय' रुळले आहे, आणि लहान मुले दारातही तेच म्हणतात.

एसटी थांबते. लेक चढते. कंडक्टर घंटी ओढतो.

[ओसरी, वाटी]